दगडूच्या जागेवर

लोक मला विचारतात, त्या काळात खेड्यातल्या मुलीला शाळेत घातलं कुणी? वडील सुधारक होते का? मास्तर चळवळीतले होते का? मी सांगते, दोघांपैकी कुणीच तसलं नव्हतं. मला शाळेत घातलं माझ्या धाकट्या भावाच्या डोक्यावरच्या बुचड्यानं. ऐकणाऱ्याला वाटतं म्हातारी थट्टा करतेय. थट्टा कसली! ती हकीकत आठवली की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते, आणि वय असं झालंय की भांडायला समोर कुणी उरलेलं नाही. म्हणून एकदा लिहून तरी काढते.

माझ्यामागून आईला दोन मुलगे झाले आणि दोन्ही पाळण्यातच गेले. तिसरा झाला तेव्हा आईनं त्याला सुपात घालून केरावर ठेवला, शेजारणीनं तो उचलून परत आईच्या ओटीत टाकला, आणि नाव ठेवलं दगडू. दगडाला कोण उचलून नेतंय, असा हिशोब. एवढ्यावर आईचं समाधान होईना. तिनं गावच्या लक्ष्मीला नवस बोलला की, पोरगं जगू दे, त्याचं जावळ तुझ्या जत्रेत तुझ्या पायाशी काढीन, तोवर त्याच्या डोक्याला कात्री लावणार नाही. बेळगावच्या आसपासच्या आमच्या गावांतून लक्ष्मीची जत्रा दरसाल होत नाही. बारा वर्षांनी, कुठं पंधरा वर्षांनी होते. दगडू झाला तेव्हा पुढची जत्रा तीन-चार वर्षांवर आली होती, तेव्हा आईचा नवस काही अवघड नव्हता. पण जत्रा ठरायची तर गावचे पंच एका मताचे व्हावे लागतात. आमच्या गावात वरची गल्ली आणि खालची गल्ली अशा दोन बाजू होत्या, आणि देवीचा रथ आधी कुठल्या गल्लीतून न्यायचा यावर त्यांचं जुळेना. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. दगडूचे केस मात्र कुठल्याच पंचाची वाट न बघता वाढत होते.

आमचं घर म्हणजे पुढं एक सोपा, आत एक माजघर आणि मागं गोठा. पहाटे उठले की पहिला आवाज कानावर यायचा तो उखळातल्या मुसळाचा. आमची भाताची जमीन, तेव्हा घरोघरी बायका भात कांडत असत, आणि एका घरचं मुसळ वर गेलं की शेजारच्या घरचं खाली यायचं. आई कांडायची, मी पाखडायची. मग चुलीवर उकड्या तांदळाची पेज रटरटायची, तिच्यात मिठाचा खडा, आणि तोंडी लावायला सुक्या मिरचीचा ठेचा. दगडूच्या पेजेत तेवढी तुपाची धार असायची. मला त्याचं तेव्हा काही वाटायचं नाही, खरंच नाही. राग आला तो पुढं, आणि आला तो मागच्या सगळ्या तुपासकट आला. दर मंगळवारी आई दगडूला न्हाऊ घालायची, केस वाळवायची, त्यात हळद-तांदळाची एक पुरचुंडी ठेवून डोक्याच्या मधोमध बुचडा बांधायची. बुचडा नारळाएवढा. तो आईशिवाय कुणी सोडायचा नाही, आणि मोकळ्या केसांनी दगडूनं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही, असा तिचा दंडक होता. त्याला कडेवर घेऊन हिंडायची मी. त्याचा बुचडा सारखा माझ्या हनुवटीला लागायचा.

आता हात कानाला लावण्याची गोष्ट सांगायला हवी, कारण आजच्या मुलांना ती ठाऊक नाही. खेड्यात कुणाची जन्मतारीख कुणाला माहीत असायची नाही. पोर शाळेत घालायच्या वयाचं झालं की नाही हे मास्तर असं बघत: उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा आणि डावा कान धरायचा. बोटं कानाला पोचली तर बिगरीत नाव घालायचं, नाहीतर पुढच्या साली या. बिगरी म्हणजे पहिलीच्या आधीचा वर्ग, अगदी लहानग्यांचा. पूर्वी मास्तर याबाबतीत सैल होते म्हणे, पण तपासणीला आलेल्या दिपोटीनं, म्हणजे डेप्युटी इन्स्पेक्टरानं, त्यांना झापलं होतं की, पट फुगवायला तुम्ही दुधपिती पोरं भरलीत. तेव्हापासून मास्तर हात मोजायचे ते सोनारानं गुंज मोजावी तसे.

दगडू पाच वर्षांचा झाला आणि आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, ठरवलं की यंदा दसऱ्याला पोराला शाळेत घालायचं. आमच्या आप्पांना अंगठा उठवायची फार लाज वाटे. चावडीत गेले की शाईचा अंगठा धोतराच्या आतल्या बाजूला पुसत. त्यांची सगळी आशा दगडूवर. दसऱ्याच्या आधी महिनाभर रोज संध्याकाळी ते मला सांगायचे, "भागू, पोराचा हात जरा वढून बघ गं." मी दगडूला सोप्यात उभा करायची आणि त्याचा हात डोक्यावरून ओढायची. मधे बुचडा. हात बुचड्यावरून चढून जायचा आणि पलीकडे उतरायच्या आतच संपायचा.

"आक्का, दुखतंय."

"हूं. अजून थोडं. वढू का?"

"वढ," म्हणायचा तो, डोळे मिटून. आप्पांची आशा त्यालाही कळत असणार. मी हाताला तेल चोळलं, त्याला गोठ्याच्या आडव्या वाशाला लोंबकळायला लावलं, एकदा तर दोन्ही पाय धरून खाली ओढला. हात काही वाढला नाही. त्याला कसं करायचं ते दाखवायला मी माझा हात डोक्यावरून न्यायची. माझी बोटं कान ओलांडून गालावर यायची. मी तेव्हा आठ वर्षांची होते. आई बघायची, आप्पा बघायचे, आणि दोघेही म्हणायचे, "बघ रं दगडू, आक्का कशी करतीया."

दसऱ्याला दगडूला नवा सदरा घातला. पुढं हलगीवाला, मागं आप्पांच्या हातात नवी कोरी पाटी, आईच्या हातात गूळ-खोबऱ्याचं ताट, माझ्या डोक्यावर चिरमुऱ्यांची बुट्टी. शाळा म्हणजे मारुतीच्या देवळामागची एक लांबट कौलारू खोली. तिथं पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढली, हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला, सगळ्या शाळेला चिरमुरे आणि गूळ वाटला. मग मास्तर म्हणाले, "हं, बाळ, हात ने डोक्यावरून." खरं म्हणजे हे आधी करायला हवं होतं. पण आमच्यात आधी पूजा आणि मग चौकशी.

दगडूनं हात नेला. बुचड्यावर जाऊन तो थांबला. मास्तरांनी त्याला पुढून करायला लावलं, मागून करायला लावलं. पोरं खदखदायला लागली. मास्तर म्हणाले, "केस सोडून बघू या का?"

आई गर्रकन पुढं झाली. "केसाला हात लावायचा न्हाय मास्तर. नवसाचं हाईत."

"मग पुढच्या वर्षी आणा. मला दिपोटीला तोंड द्यावं लागतं."

आप्पांचा चेहरा मला अजून दिसतो. अपमानाचा नव्हता तो. बैलानं भर शेतात बसकण मारल्यावर होतो तसला होता. ते म्हणाले, "मास्तर, पाटी पूजली की हो. पूजलेली पाटी माघारी नेली तर इद्या पाठ फिरवती म्हंत्यात."

मास्तरांनाही ते पटलं. त्यांनाही पटावर एक नाव कमीच पडत होतं. दोघे थोडा वेळ पाटीकडे बघत राहिले. आणि मग मास्तरांची नजर माझ्यावर पडली, की माझ्या डोक्यावरच्या रिकाम्या बुट्टीवर, कोण जाणे. "हिचं नाव घालून ठेवू या तोवर," ते म्हणाले. "पोराचे केस निघाले की त्याला घेऊ हिच्या जागेवर."

आप्पा म्हणाले, "व्हय, चालतंय की. जागा धरून बसंल."

झालं. बसमध्ये रुमाल टाकून जागा धरतात, तशी मी शाळेत टाकले गेले. आज इतक्या वर्षांनी मला सुचतं की, मास्तरांनी आमच्या घरी येऊन, उंबऱ्याच्या आत, दगडूचे केस सोडलेले असताना हात मोजला असता तर? मंगळवारी दहा मिनिटांचं काम. आई नको म्हणाली नसती. तिघं शहाणी माणसं तिथं उभी होती, एकालाही हे सुचलं नाही. मी कधी त्यांच्या मूर्खपणावर चिडते आणि लगेच गप्प होते, कारण त्यांना अक्कल असती तर मला ही ओळ लिहिता आली नसती.

नाव घालताना मास्तरांनी विचारलं, मुलगी कधीची? आप्पा म्हणाले, मागच्या जत्रेत रथाचा आस मोडला त्याच्या पाचव्या साली. मास्तरांनी बोटं मोजून एक तारीख लिहून टाकली. आणि नाव लिहिलं भागीरथी. मला घरी भागू म्हणत, भागी म्हणत, चिडल्यावर भवाने म्हणत. सकाळी हजेरीत मास्तर "भागीरथी" म्हणाले की क्षणभर मलाच मागं वळून बघावंसं वाटे.

बिगरीतली बाकीची पोरं माझ्या कमरेएवढी. पुढं धूळपाटी ठेवलेली, तिच्यावर बोटानं अक्षर काढायचं आणि हातानं पुसायचं. कुणी धूळ खायचं, कुणी मुतायचं, आणि मास्तर पलीकडच्या चौथीला शिकवत असले की हाक मारायचे, "भागीरथी, त्याला बाहेर ने." म्हणजे घरी एक पोर सांभाळत होते, इथं वीस. तरी मी खुशीत होते. 'ग' काढला की मला गमभन म्हणायच्या आधी गोठ्यातली गाय दिसायची. पहिल्यांदा मी स्वतःचं स्वतः वाचलं ते देवळाच्या पायरीवर कोरलेलं कुणाचं तरी नाव. रोज त्या पायरीवर पाय देऊन मी गेले होते, आणि तिथं माणूस होता हे मला माहीत नव्हतं. मी धावत घरी जाऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, "बरं. आणि दगडूला कवा घेत्यात म्हनले मास्तर?"

हेच रोज. मी काय शिकले हे कुणी विचारलं नाही, जागा शाबूत आहे ना एवढंच विचारलं. शेजारीण आली की आप्पा सांगायचे, "भागू न्हवं, दगडूच हाय शाळंत. ही नुस्ती बसलीया." कांडण, पाखडण, पाणी, शेण सगळं आटोपूनच मी जायची आणि उशीर झाला म्हणून मास्तरांची छडी खायची. छडी मात्र माझीच असायची, ती दगडूच्या वाटणीची नसायची.

पुढच्या दसऱ्याला दगडूला पुन्हा उभा केला. हात वाढला होता, पण केसही वाढले होते. बोटं कानाच्या वर दोन अंगुळं थांबली. आप्पांनी कपाळावर हात मारून घेतला. आणि मला, सगळं खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहिते, मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी दाराआड गेले. त्याच महिन्यात मास्तरांनी मला पहिलीत घातलं होतं.

त्या साली पंचांची बैठक जमायला लागली होती. खालची गल्ली थोडी नरमली, असं ऐकू यायचं. आई रोज दिवा लावताना म्हणायची, लक्ष्मीबाई, लवकर ये. आणि मी काय केलं असेल? मी शुक्रवारी पाण्याला जाताना देवळात शिरले आणि देवीला म्हटलं, बाई, तू येऊ नको. तीन वर्षं तरी येऊ नको. मी तुझ्यासाठी गूळ सोडते. गूळ सोडणं म्हणजे काय ते ज्याच्या घरी वर्षातून दोनदा गोडधोड व्हायचं त्यालाच कळेल. एका देवीला एका घरातून दोन नवस, एक ये म्हणून आणि एक येऊ नको म्हणून. संक्रांतीला आईनं पोळीत गूळ घातला तर मी पोळी दगडूला दिली. आई म्हणाली, "किती माया करतीस गं भावावर." मी मान खाली घालून कोरडी भाकरी चावत राहिले.

नवस पावला. रथ कुठून न्यायचा हे जमत आलं होतं, तोवर रथाचं लाकूड कुठल्या बाजूच्या शेतातून तोडायचं यावर पुन्हा फाटलं. गाव हळहळलं आणि मी दुसऱ्या पुस्तकातले धडे वाचायला लागले. गावचे पंच भांडत होते तेवढीच माझी शाळा होती. देव त्यांना उदंड भांडण देवो, असं मी मनात म्हणत असे.

मग दगडूला ताप आला. साधा असेल म्हणून दोन दिवस काढा दिला. चौथ्या दिवशी तो डोळे उघडेना. बुचड्याखालची टाळू तव्यासारखी भाजत होती. वैद्यानं केस काढा, डोक्याला हवा लागू द्या म्हणून सांगितलं. आई म्हणाली, केस काढले तर पोर जाईल, लक्ष्मी कोपलीया, तिला दिल्या शब्दाला वर्षं झाली. मी उशाशी बसून ओल्या फडक्याच्या घड्या बदलत होते आणि मला ठाऊक होतं देवी कशानं कोपलीय ते. आईला सांगायची छाती झाली नाही. मी उठले, भर दुपारी अनवाणी देवळात गेले आणि देवीला म्हटलं, माझं बोलणं मी माघारी घेते. ये बाई, उद्या ये, पण त्याला सोड. आणि नवस मोडला हे तिला नक्की कळावं म्हणून घरी येऊन शिंक्यातला गुळाचा खडा तोंडात कोंबला. इतक्या महिन्यांनी गूळ खाल्ला आणि तो मातीसारखा लागला. आज मला कळतं की तापाचा आणि माझ्या गुळाचा काही संबंध नव्हता. पण ते आज कळतं, आणि नऊ वर्षांच्या पोरीच्या छातीवर तो धोंडा कुणी ठेवला म्हणून विचारायला गेलं तर सगळेच हात वर करतील.

त्याच दुपारी पंच देवळात बसले होते. आईनं मला म्हटलं, "भागू, उचल दगडूला." मी त्याला घोंगडीत गुंडाळून खांद्यावर घेतलं. आई पुढं, मी मागं. पंचांपुढं बाईमाणसानं जायची रीत नव्हती. आई सरळ मधे जाऊन उभी राहिली, माझ्याकडून दगडूला घेतलं आणि त्यांच्या पुढ्यात जमिनीवर ठेवलं.

"हे बघा," ती म्हणाली. "ह्येच्या केसांत तुमची भांडणं अडकल्यात. वरच्या गल्लीची बी आणि खालच्या गल्लीची बी. हे मेलं तर रथ आमच्या दारावरनं न्या, न्हायतर मसणातनं न्या. मी वटी भरायला येनार न्हाय, आणि गावातली एक बी बाई येनार न्हाय."

वरच्या गल्लीचा म्हातारा पंच दगडूकडे बघत बसला होता. त्याच्या घरीही नातवंडं गेली होती. शेवटी तो म्हणाला, "खालच्या गल्लीनं जाऊ द्या रथ आधी. लाकूड बी तुमचंच तोडा." आणि पागोटं काढून मांडीवर ठेवलं. तीन वर्षांचं भांडण पाच मिनिटांत मिटलं. दगडूचा ताप दोन दिवसांनी उतरला. सगळं गाव आईचं नाव काढत होतं. मलाही तिचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी मनातून मी तिच्यावर इतकी चिडले होते की त्या रात्री तिच्या ताटात मी मीठ वाढलंच नाही. तिनं जे केलं ते बरोबरच होतं. माझी शाळा त्याच पाच मिनिटांत संपली, हेही तितकंच खरं होतं.

वैशाखात जत्रा झाली. घरं सारवली, रंगवली, कोगनोळी-निपाणीपर्यंतचे पाहुणे आले. देवीपुढं न्हाव्यानं दगडूचं डोकं केलं. केस आईच्या पदरात पडत होते आणि ती रडत होती. दगडूनं आपल्या चकचकीत डोक्यावरून हात फिरवला, आणि कुणी न सांगताच तो हात पलीकडे नेऊन कान धरला. "आक्का, पोचला!" तो ओरडला. त्याला वाटलं सगळ्यात जास्त आनंद मलाच होईल. गेली दोन वर्षं त्याचा हात मीच तर ओढत होते.

शाळा उघडली तेव्हा आप्पा दगडूला घेऊन गेले. मला पाटी द्यायला बरोबर नेलं. मास्तरांनी हात बघितला, मान डोलावली, रजिस्टर काढलं. नवीन ओळ करण्याऐवजी त्यांनी माझ्या नावावर एक आडवी रेघ मारली आणि वर बारीक अक्षरात दगडूचं नाव लिहिलं. मी म्हटलं, "मास्तर, मी दुसरीत गेली."

"हो ना," ते म्हणाले, "हुशार आहेस. पण जागा त्याची होती बाळ."

म्हणजे दगडू एकदम दुसरीत बसला. बिगरी नाही, पहिली नाही, 'अ' कशाशी खातात ते ठाऊक नाही. पहिल्याच दिवशी मार खाऊन आला. मी भात कांडत होते, तो येऊन माझ्यासमोर पाटी घेऊन बसला आणि म्हणाला, "आक्का, हे काय हाय?" मी मुसळ खाली ठेवलं नाही. कांडता कांडता सांगितलं. दुसऱ्या दिवशीही सांगितलं. असं सातवीपर्यंत चाललं. त्याच्या प्रत्येक पुस्तकाचा प्रत्येक धडा आधी मी वाचला आणि मग त्याला समजावला. नाव त्याचं, अभ्यास माझा. तो पास झाला की आप्पा गूळ वाटायचे. मी खायची नाही. आता नवस नव्हता, नुसता राग होता.

दगडू बेळगावला सरकारी कचेरीत कारकून झाला. माझं लग्न झालं, संसार झाला, पोरंबाळं झाली. आणि एके दिवशी दगडू माझ्या दारात आला, डोक्याला तुळतुळीत टक्कल, तोंड एवढंसं झालेलं. कचेरीनं त्याला घरी बसवलं होतं, खऱ्या वयाच्या तीन वर्षं आधी. शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख चूक आहे, असं तो सांगत होता. "रजिस्टर बघून यूया. तू चल आक्का. तुला म्हाईत हाय माझा जन्म."

शाळेची इमारत नवी होती, पाटीवर वर कन्नड, खाली मराठी. हेडमास्तर भला माणूस. त्यांनी कपाटाच्या तळातून पिवळं पडलेलं रजिस्टर काढलं आणि ती ओळ शोधली. वर बारीक अक्षरात दगडू. खाली आडव्या रेघेच्या आत भागीरथी, अजून स्वच्छ वाचता येत होती. आणि पुढं जन्मतारीख. ती मास्तरांनी बदललीच नव्हती. रथाचा आस मोडला त्याच्या पाचव्या सालची, माझी तारीख. सगळी नोकरी दगडूनं माझ्या वयावर केली होती.

हेडमास्तरांनी विचारलं, "हे खोडलेलं नाव कुणाचं?"

दगडू म्हणाला, "ही आमची आक्का. जागा धरून बसलेली." आणि मग त्याचा बांध फुटला. "तीन वर्सं गेली माझी आक्का. फुकट. एका रेघंपायी."

मला त्याची दया यायला हवी होती. मी म्हटलं, "तुझी तीन गेली व्हय रं? मला मिळालीच दीड हुती."

त्यानं रजिस्टरवरून मान वर केली. पन्नास वर्षांत हे मी पहिल्यांदा बोलले होते, आणि त्याच्या तोंडाकडे बघून मला कळलं की त्याला हे कधी सुचलंच नव्हतं. मी रजिस्टरवरच्या माझ्या नावावर बोट ठेवलं. शाळेच्या कागदावर ते तेवढं एकदाच आलंय.

बाहेर व्हरांड्यात बिगरीची पोरं ओळीनं उभी होती. आता हात मोजत नाहीत, दाखला बघतात. मला काय वाटलं कोण जाणे, मी थांबले आणि उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायला लागले. दोन वर्षांपासून माझा खांदा धरला होता. हात टाळूपर्यंत गेला आणि तिथंच अडकला. पोरं हसायला लागली. दगडू माझ्याकडे बघत उभा होता, त्याचे डोळे भरले होते.

"आक्का," तो म्हणाला, "वढू का?"

मी डोळे मिटले. "वढ," म्हटलं.